समुद्र चढतो आहे : कोणता आकडा धरायचा?

(किनारपट्टीवरच्या महिला मंडळांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विषय ऐकून काही जणींनी चहाच्या वेळी मला विचारलं, "ताई, पाणी, रेशन, घरातली मारहाण हे सगळं सोडून अंटार्क्टिकाच्या बर्फावर कशाला बोलायचं?" प्रश्न रास्त आहे. मी समाजकार्य शिकलेली बाई, बर्फाची शास्त्रज्ञ नव्हे. पण बर्फाचं गणित जरी शास्त्रज्ञ करत असले, तरी त्यातला कोणता आकडा किनाऱ्याच्या आराखड्यात धरायचा हे दुसरेच कोणी ठरवतात. तिथे आपला संबंध येतो.

आधी बर्फ समजून घेऊ. पाण्याच्या पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला तर पेला भरून वाहत नाही. समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचंही जवळजवळ तसंच. समुद्र चढतो तो जमिनीवरचा बर्फ त्यात उतरला की. असा बर्फ मुख्यतः दोन ठिकाणी आहे. ग्रीनलंडवरचा सगळा वितळला तर जगातले समुद्र सुमारे ७ मीटर चढतील, अंटार्क्टिकावरचा सगळा वितळला तर सुमारे ५८ मीटर. सगळा वितळायला हजारो वर्षं लागतील. आपल्यापुढचा प्रश्न वेगाचा आहे.

१९०१ ते २०१८ या काळात समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला, म्हणजे जेमतेम वीतभर. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत हा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ मिलिमीटर झाला, जवळजवळ तिप्पट. पाणी तापून फुगतं, डोंगरावरच्या हिमनद्या आटतात, आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकाचा वाटाही वाढत चालला आहे. या दोन ठिकाणांहून १९९२ ते २०२० या काळात ७,५६० अब्ज टन बर्फ गेला.

मग पुढचा वेग नक्की का सांगता येत नाही? पश्चिम अंटार्क्टिकात बर्फाचा तळच समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत जावं तसा तो अधिक खोल होतो. समोर तरंगणारी बर्फाची जाड लादी दाराच्या अडसरासारखी मागच्या बर्फाला थोपवून धरते. खालून कोमट समुद्राचं पाणी शिरून ती लादी झिजवतं. अडसर गेला की मागचा बर्फ वेगाने घसरतो. बर्फाची कडा मागे हटते, तिथे खोली जास्त, म्हणून आणखी बर्फ सुटतो. एका मर्यादेनंतर हे आपोआप चालू राहू शकतं. जॉन मर्सर या शास्त्रज्ञाने १९७८ सालीच हा इशारा दिला होता. २००२ साली 'लार्सन बी' नावाची तरंगती लादी कोसळली. मुंबईच्या पाचपट, सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फ साधारण महिनाभरात विखुरला, आणि मागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला. थ्वेट्स ही हिमनदी तर सुमारे १२० किलोमीटर रुंद आहे. तिच्या एकटीच्या बर्फात जगाचे समुद्र ६५ सेंटिमीटर चढवण्याइतकं पाणी आहे.

म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात एक आकडा नाही, पट्टा आहे. जगाने धूर फार लवकर आवरला तर २१०० पर्यंत २८ ते ५५ सेंटिमीटर. बेसुमार वाढवला तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर. आणि बर्फ अपेक्षेपेक्षा लवकर कोसळला तर जवळजवळ २ मीटर. ही शेवटची शक्यता कमी आहे, पण नाकारता येत नाही, असं तो अहवाल सांगतो. थ्वेट्सचे कडे भराभर ढासळण्याची सर्वांत भीषण शक्यता या शतकात दिसत नाही, असा २०२४ च्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. त्याच अभ्यासकांनी हेही सांगितलं, की थ्वेट्स मागे हटतेच आहे.

आता खरा प्रश्न. खालचा आकडा धरला आणि तो चुकला, तर भुर्दंड कोणाला? ज्याचं शहरात दुसरं घर आहे त्याचे पैसे बुडतील. किनाऱ्यावर बोंबील वाळवून पोट भरणाऱ्या विधवेचं सगळंच बुडेल. समुद्र गाव गिळेपर्यंत थांबायचीही गरज नाही. पातळी फूटभर वाढली की उधाणाची भरती आणखी आत येते. खारबंदिस्तीचा बांध फुटतो, भाताचं शेत खारं होतं, विहीर मचूळ होते. मग गोडं पाणी लांबून कोण आणतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. भरपाई मात्र सातबारा बघून मिळते. त्यावर नाव बहुधा पुरुषाचं. मासळी वाळवायची जागा तर बहुतेक गावांत कोणाच्याच नावावर नाही, म्हणजे कागदावर ती बुडतच नाही!

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत धोक्याची रेषा आखायला सांगितली होती. तिच्यात समुद्राची वाढही धरायची होती. २०१९ च्या अधिसूचनेने ही रेषा बांधकामाच्या नियमांपासून वेगळी केली आणि आपत्ती नियोजनापुरती ठेवली. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. बर्फ वितळण्याचा वेग वाढत असताना आपण कागदावर समुद्राच्या जवळ सरकलो.

"अजून नक्की कळलेलं नाही" हे आपल्याला ठाऊक असलेलं उत्तर आहे. बाईच्या तक्रारीवरही हेच ऐकवतात. अनिश्चितता हे थांबायचं कारण नव्हे, जास्त सावध राहायचं कारण आहे.

म्हणून तीन मागण्या ठरावात घालू या. किनाऱ्याच्या प्रत्येक आराखड्यात समुद्राच्या वाढीचा वरचा आकडा मराठीत लिहावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. मासळी वाळवायच्या जागा, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि पायवाटा नकाशावर नोंदवाव्यात. पुनर्वसनाचं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर, आणि एकट्या बाईचं तिच्या स्वतःच्या नावावर असावं.

१९८३ साली नागपूरच्या अदिती पंत आणि त्यांच्या सहकारी सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे पाय ठेवणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. बायका तिथवर पोचल्या. तिथल्या बर्फाचा हिशेब आपल्या ग्रामसभेत मांडायला आपल्याला तर तालुक्याबाहेरही जावं लागत नाही. आज बालवाडीत असलेली मुलगी २१०० साली ऐंशीच्या घरात असेल. तिच्या गावाच्या आराखड्यात आज कोणता आकडा लिहिला आहे, हे येत्या ग्रामसभेत विचारा. उत्तर लेखी मागा.