आधी कागद दाखवा



१९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि असंख्य सामान्य कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गेली. त्यातून १९३३ आणि १९३४ चे दोन कायदे आले, आणि सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, म्हणजे एसईसी, उभं राहिलं. या कायद्यांमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. अमुक शेअर घ्या, तमुक घेऊ नका, असं सरकार सांगणार नाही. कंपनीनं आपला कारभार लेखी, खराखुरा मांडायचा. गुंतवणूकदारानं ते वाचून आपला निर्णय घ्यायचा. एआय एजंटांसाठी आज जी साधनं तयार होत आहेत, त्यांची पारख मी याच कसोटीवर करणार आहे.

हे कागद आज एसईसीच्या ‘एडगर’ नावाच्या संगणकीय दप्तरात असतात. वर्षाचा टेन-के, तिमाहीचा टेन-क्यू, एखादी मोठी घटना घडली तर कामकाजाच्या चार दिवसांत एट-के, आणि संचालकानं स्वतःचे शेअर विकले तर कामकाजाच्या दोन दिवसांत फॉर्म ४. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या इन्फोसिसचे शेअर १९९९ पासून अमेरिकेच्या बाजारात आहेत, त्यामुळे तिचंही वार्षिक विवरण ट्वेंटी-एफ या नावानं तिथेच मिळतं. हे सगळं घरबसल्या, फुकट. पण ते आपोआप फुकट झालेलं नाही. पूर्वी हेच कागद खासगी कंपन्या भरपूर पैसे घेऊन विकत असत. कार्ल मालामुद या गृहस्थांनी नव्वदच्या दशकात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या साथीनं ते इंटरनेटवर खुले केले, लोकांना त्याची सवय लावली, आणि १९९५ साली ‘आता आम्ही थांबतो’ असं जाहीर केलं. लोकांनी मागणी लावून धरली आणि एसईसीनं ते काम स्वतःकडे घेतलं.

आता एजंटाकडे येऊ. एजंटामागच्या भाषेच्या मॉडेलला नुसतं विचारलं तर ते आठवणीवर बोलतं, आणि चुकतं तेव्हाही तितक्याच ठामपणे बोलतं. म्हणून त्याच्या हाती साधन द्यायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला, तेव्हापासून अशी साधनं मॉडेलला जोडणं सोपं झालं. एडगरमधून कागद आणणाऱ्या साधनाचं काम तसं सरळ आहे. ‘ॲपल’ म्हटलं की कंपनीचा एसईसीकडचा क्रमांक, ३२०१९३, शोधायचा. तिच्या विवरणपत्रांची यादी मागवायची. हवं ते उघडून त्यातला भाग मॉडेलपुढे ठेवायचा. एसईसीचे नियमही साधे आहेत : सेकंदाला दहापेक्षा जास्त विनंत्या नकोत, आणि आपण कोण, संपर्क कुठे, ते आधी कळवा.

खरी परीक्षा पुढे आहे. २००९ पासून मोठ्या कंपन्यांना आर्थिक पत्रकांतल्या आकड्यांना एक्सबीआरएलचे टॅग लावावे लागतात, म्हणजे ‘हा आकडा विक्रीचा’ हे संगणकाला कळतं. पण २०१८ च्या सुमारास विक्रीच्या हिशेबाचा नियम बदलला, आणि असंख्य कंपन्यांनी ‘सेल्स रेव्हेन्यू नेट’ हा जुना टॅग सोडून दुसरा घेतला. जुनाच टॅग मागत बसलेल्या साधनाला चालत्या कंपनीची विक्री टॅग बदलल्यानंतर दिसतच नाही. दुसरी गोष्ट वर्षाची. ॲपलचं आर्थिक वर्ष सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपतं. तिची २०२४ ची ३९१ अब्ज डॉलरची विक्री २०२३ च्या ऑक्टोबरपासून मोजलेली आहे. कॅलेंडरच्या वर्षानं चालणाऱ्या कंपनीशेजारी हा आकडा ठेवला की तुलना तिथेच बिघडते. आणि कंपनीनं मागाहून दुरुस्त टेन-के भरला असेल, तर साधनानं कोणता उचलला?

आकडे तरी पकडता येतात. टिपा हातून निसटतात. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीनं २००० सालचं वार्षिक विवरण भरलं, त्यात हितसंबंधितांशी झालेल्या व्यवहारांची एक टीप होती. कंपनीचाच एक वरिष्ठ अधिकारी ज्या भागीदारी संस्था चालवतो, त्यांच्याशी कंपनीचे व्यवहार आहेत, असं त्यात लिहिलेलं होतं. नाव नव्हतं, आणि भाषा अशी की वाचणारा दमून जावा. गुंतवणूकदार जिम चॅनॉस यांच्यासारख्या मोजक्या लोकांनी हे कागद चिकाटीनं वाचले आणि त्यांना संशय आला. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉननं दिवाळखोरी जाहीर केली. आजचं साधन लांबलचक दस्तऐवजाचे तुकडे करून त्यातले चार ‘संबंधित’ तुकडे मॉडेलला देतं. ‘कंपनीचा नफा किती’ एवढंच विचारलं, तर ती टीप त्या चार तुकड्यांत येईलच कशाला?

म्हणून साधनं लिहिणाऱ्या तरुण मंडळींकडे माझं आग्रहाचं मागणं आहे. या सभागृहातही त्यांच्यातले काही असतील. तुमच्या एजंटानं आकडा दिला की सोबत फॉर्मचं नाव, भरल्याची तारीख, विवरणपत्राचा अठरा अंकी नोंदक्रमांक आणि मूळ उतारा दिलाच पाहिजे. कोणत्या टिपा वाचल्या आणि कोणत्या वगळल्या, तेही सांगितलं पाहिजे. गोषवाऱ्यावरून एका क्लिकमध्ये मूळ पानावर जाता आलं पाहिजे, म्हणजे निवृत्तीचे पैसे गुंतवणारा माणूस स्वतः ती ओळ वाचू शकेल. १९३४ च्या कायद्यानं हा अधिकार त्याला दिलेला आहे. आणि कागद हाती लागला नाही, तर साधनानं ‘सापडला नाही’ एवढंच म्हणावं आणि मॉडेलला तिथेच थांबवावं.