हौशी खेळ आणि कथेची मालकी
(घाटकोपर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई, घरे, बेकारी असे प्रश्न समोर उभे असताना अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकावरील लढतीच्या खेळाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु श्रम आणि मालमत्ता यांच्या संबंधाचा आपला जुना प्रश्न या खेळात विलक्षण स्पष्टपणे उघडा पडला आहे. शिवाय तो ज्यांच्या जीवनाशी निगडित आहे ती तरुण मुले-मुली बोरिवली, मुलुंड, अंधेरी येथे आपल्याच शेजारी राहतात.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जपानमध्ये चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात. अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही मांगा १९८४ ते १९९५ या काळात शुएइशा या प्रकाशनसंस्थेच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावरून दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि या शतकाच्या आरंभी ती आपल्या उपनगरांतील मुलांनीही आवडीने पाहिली. तिच्यावर आधारलेले अधिकृत खेळ मोठ्या कंपन्या विकतात. पण त्यांच्या जोडीने ‘हायपर ड्रॅगन बॉल झी’ नावाचा एक खेळ आहे. तो कोणत्याही कंपनीने काढलेला नाही. कथेवर प्रेम करणाऱ्या हौशी मंडळींनी तो फावल्या वेळात घडविला आणि विनामूल्य वाटला.

त्यामागचे श्रम समजून घेण्यासारखे आहेत. १९९९ साली प्रथम उपलब्ध झालेल्या ‘मुगेन’ या संगणकीय सांगाड्यावर हा खेळ उभा आहे. सांगाडा तयार मिळतो. पात्रे मात्र स्वतः घडवावी लागतात. एका पात्रासाठी उभे राहणे, चालणे, उडी मारणे, मार खाणे, कोसळणे अशी शेकडो चित्रे ठिपक्याठिपक्याने काढावी लागतात. प्रत्येक चित्रावर कोणत्या चौकटीने मार बसतो आणि कोणत्या चौकटीला तो लागतो, हे आखून द्यावे लागते. सेकंदाचे साठ भाग करून कोणता ठोसा किती भाग टिकेल, प्रतिस्पर्धी किती भाग थिजेल, हे लिहावे लागते. ही कुशल कारागिरी आहे. तिच्यातून उपयोगमूल्य निर्माण होते, पण विनिमयमूल्य नाही. कारण निर्मात्यांनी तो माल बाजारात आणलेलाच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कलाकृतीचे रूपांतर करण्याचा अधिकार तिच्या हक्कधारकाचा. कलम ५२ मध्ये खाजगी उपयोग, टीका, परीक्षण इत्यादींसाठी सवलत आहे; परंतु हौसेने रचून फुकट वाटलेल्या खेळाला तेथे निःसंदिग्ध जागा नाही. म्हणजे तो हक्कधारकाच्या मर्जीवर जगतो. मर्जी फिरली की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. एका लोकप्रिय व्यंगचित्र मालिकेतील घोड्यांवर हौशी मंडळींनी लढतीचा खेळ रचला होता. २०१३ साली हॅस्ब्रो कंपनीची नोटीस आली आणि काम थांबले. त्या मालिकेच्या मूळ चित्रकर्ती लॉरेन फॉस्ट यांनी या मंडळींना नवी पात्रे रेखाटून दिली, म्हणून तो खेळ पुढे दुसऱ्या नावाने उभा राहिला. निर्माती एका बाजूला, मालक दुसऱ्या बाजूला, हे चित्र पुरेसे बोलके आहे.

कथेची मालकी म्हणजे तरी काय? ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू हा सोळाव्या शतकातील ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीतील वानरवीरावरून घेतलेला आहे. त्या वानरावर हनुमंताची छाया असावी, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. त्याविषयी मतभेदही आहेत. ती कादंबरी ज्या ह्युएन त्संगच्या प्रवासावर रचली गेली, तो सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला होता आणि पुलकेशी राजाविषयी त्याने लिहूनही ठेवले आहे. तोरियामांनी सामाईक विहिरीतून पाणी भरले, यात गैर काहीच नाही. मोरोपंतांनी एका रामकथेची शतावधी रूपे रचली, तेव्हा त्यांना कोणाचा परवाना घ्यावा लागला नव्हता. गैर आहे ते पाणी भरून झाल्यावर विहिरीला कुंपण घालणे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. आठवड्यामागून आठवडा चित्रे काढणाऱ्या कलावंताचे श्रम खरे आहेत; त्यांचा मोबदला बुडविणे हा समाजवाद नव्हे. हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण सध्याचा कायदा प्रामुख्याने कलावंताचे रक्षण करतो काय? अंधेरीच्या ॲनिमेशन स्टुडिओत नोकरी करणाऱ्या मुलीचे उदाहरण घ्या. तिने नोकरीत काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ नुसार तिचा मालकच असतो. पगार संपला की तिचा हक्क संपला. हीच मुलगी रात्री घरी बसून आवडत्या पात्राचा खेळ रचील, तर तेथेही ती परक्याच्या मालमत्तेत शिरलेली ठरते. दिवसाच्या सवेतन श्रमांवर तिचा हक्क नाही आणि रात्रीच्या विनावेतन श्रमांनाही संरक्षण नाही. उलट तिच्या हौसेतून मूळ मालाची जी जाहिरात होते, तिचा लाभ मात्र कंपनीच्या पदरात पडतो.

यावर उपाय नाही असे नव्हे. १९७५ साली टोकियोत सुरू झालेल्या ‘कॉमिक मार्केट’मध्ये वाचक आपल्या आवडत्या पात्रांवर स्वतः रचलेल्या पुस्तिका उघडपणे विकतात आणि प्रकाशक बहुधा तिकडे कानाडोळा करतात. २०१८ च्या अखेरीस तेथील कायदा कडक झाला, तेव्हाही हक्कधारकाच्या तक्रारीवाचून होणारी फौजदारी कारवाई मूळ कृतीची जशीच्या तशी नक्कल करून धंदा करणाऱ्यांपुरतीच ठेवली गेली. तेथे मांगाचा व्यवसाय बुडालेला नाही.

आपल्याकडेही २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांतील गीतकार-संगीतकारांना मानधनातील असा वाटा दिला, जो त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. चित्रकार आणि ॲनिमेशन कामगार मात्र त्यातून वगळले गेले. म्हणून दोन मागण्या आपण मांडल्या पाहिजेत. पहिली, हा वाटा चित्रे काढणाऱ्या हातांनाही मिळावा. दुसरी, मूळ निर्मात्याचे नाव देऊन, नफ्याविना केलेल्या रूपांतराला कलम ५२ मध्ये स्पष्ट स्थान असावे. या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. दोन्हींचा आधार एकच आहे: निर्मितीवरील पहिला हक्क श्रमाचा असतो, भांडवलाचा नव्हे.

आपल्या शाखांनी या तरुणांकडे ‘खेळात वेळ घालविणारी पोरे’ म्हणून पाहू नये. त्यांच्याकडे कारागिरी आहे, परस्परसहकार्याची सवय आहे, आणि नफ्याविना उत्तम काम करता येते हे त्यांनी स्वतःपुरते सिद्ध केलेले आहे. नाही ती संघटना. तिची वाट त्यांना दाखविणे हे आपले काम आहे.