ऊसतोडीस जाणारी मुले व आपले कर्तव्य



दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. स्थलांतर एकच, परंतु आईबापांवर त्याचा परिणाम एक, मुलांवर दुसरा. मुकादमाकडून घेतलेली उचल यंदा फिटली नाही, तर आईबाप ती पुढल्या हंगामात फेडतात. मुलाचे बुडालेले वर्ष असे फेडता येत नाही. कोपीवर धाकटे भावंड सांभाळण्यात व वाढे गोळा करण्यात त्याचे दिवस जातात. आईबाप परततात ते आपल्या घरी. मुलास मात्र आपलाच वर्ग परका वाटतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये अशा मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दाखल्यास विलंब झाला म्हणून तो नाकारता येत नाही. यास्तव तीन गोष्टी अवश्य कराव्यात. दसऱ्यापूर्वी पालकांस भेटून, मुलास आजी-आजोबांपाशी ठेवून हंगामी वसतिगृहाचा लाभ घेण्याविषयी सांगावे. जे मूल जाईलच, त्याच्याबरोबर पुस्तके व अभ्यासाची नोंद द्यावी. परतलेल्या मुलास मागे बसवू नये. राहिलेला अभ्यास त्याच्याकडून रोज थोडा थोडा करून घ्यावा. शाळा आपली वाट पाहत होती, एवढे त्यास कळले तरी ते पुन्हा शिकू लागेल.