दारातली रांगोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंत. चिटणीसबाईंनी ‘रोजच्या कामातली कला’ असा विषय दिला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. कला म्हणजे शिकल्यासवरल्या माणसांची गोष्ट, अशी माझी समजूत. पण बहिणाबाई चौधरींना तर लिहितावाचताही येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करता करता त्या गाणी रचीत. मुलाने, सोपानदेवांनी, ती जपली म्हणून त्यांच्या मागे १९५२ साली पुस्तकरूपाने आली. एवढा धीर घेऊन मी उभी आहे. मला गाणे येत नाही. मी रांगोळीविषयी बोलणार आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्या सासूबाईंविषयी.

लग्न होऊन आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पहिल्याच सकाळी हौसेने दारात ठिपक्यांची रांगोळी काढली. सासूबाई बाहेर आल्या, क्षणभर पाहिले आणि ओल्या फडक्याने सगळी पुसून टाकली. “रेघ तुटलीय. पुन्हा काढ.” समोरच्या बायका पाहत होत्या. तो राग मी वीस वर्षे जपून ठेवला. पुढे घर माझ्या हाती आल्यावर बाजारातून छाप आणला. भोकाभोकांचा डबा तो. पूड भरायची, उंबऱ्याशी आपटायचा, की झाली रांगोळी! सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना ते लागले असेल या विचाराने मला आतून बरेही वाटे. सणाच्या दिवशी असे बोलू नये, पण आज कबूल करते.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, बोलणेही जड झाले. महिन्याभराने एका सकाळी म्हणाल्या, “सूनबाई, पाट आण. रांगोळीची डबी आण.” खाटेशेजारी पाट मांडून दिला. डाव्या हाताने त्या ठिपके देऊ लागल्या. मधली ओळ सातांची, दोन्हीकडे सहा, पाच, चार; सगळे मिळून सदतीस ठिपके. त्यांना तासभर लागला. चूल सोडून मी तिथे कशाला थांबू? रोज तेच. खाली सांडलेली पूड झाडताना मी कुरकुर करी.

एकदा गॅस संपला म्हणून हात रिकामे होते, तेव्हा जवळ बसले. पहिल्यांदाच नीट पाहिले. शिरगोळ्याची पूड अंगठा आणि तर्जनी यांच्यातून सुटते. हात थांबला की ढीग होतो, घाई केली की रेघ तुटते. पूड सुटेल त्याच चालीने हात पुढे जायला हवा. सासूबाई रेघ ओढताना श्वास धरीत आणि ठिपक्यापाशी पोचल्या की सोडीत. मी न कळत त्यांच्याबरोबर श्वास धरू लागले. बाहेर भाजीवाला ओरडत होता, पण तो मला ऐकूच आला नाही, आणि कोथिंबीर राहिली ती राहिलीच!

रेघ वाकडी होती, पण तुटली नव्हती.

“आई, तेव्हा माझी का पुसलीत?” मी विचारले. वीस वर्षांनी. त्या जरा थांबल्या. मग अडखळत म्हणाल्या, “माझ्या सासूने माझी पुसली होती. मला दुसरे शिकवता येत नव्हते गं.” मग डबी माझ्यापुढे सरकवली. त्या दिवसापासून छाप माळ्यावर गेला. सकाळी त्या पाटावर ठिपके देत, रेघा मी ओढी. चैत्र आला तेव्हा दोघींनी मिळून चैत्रांगण काढले. सूर्य, चंद्र, गोपद्मे, शंख मी काढले. फणी-करंडा त्यांनी सांगितला तसा. कासव मात्र त्यांनी स्वतःच काढले. ते बेडकासारखे झाले. दोघी इतक्या हसलो की मुले धावत आली.

गेल्या श्रावणात त्या गेल्या. सुतकात दारात रांगोळी काढत नाहीत. ते तेरा दिवस उंबऱ्याकडे पाहवत नव्हते. चौदाव्या दिवशी पहाटे सडा घातला, फरशी थोडी सुकू दिली आणि ठिपके मांडले. तिसऱ्या ओळीत रेघ तुटली. मी मागे वळून दाराकडे पाहिले. मग फडके ओले करून आणले, सगळी पुसली आणि पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात केली.