चौकशी कुणाची करायची?
(कार्यकर्त्या शिबिरातील भाषण)



आमच्या सल्ला केंद्रातला संगणक महिनाभर वेड्यासारखा वागत होता. 'पोटगी' शोधायला जावं, तर जुगाराची नाहीतर अश्लील जाहिरातींची पानं उघडत. कुजबुज सुरू झाली: संध्याकाळी बसणारी मुलगी 'काहीतरी' बघत असणार. खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. घरात काही बिघडलं की आधी सुनेकडे बोट जातं, तसंच हे.

शोधल्यावर कळलं, पीडीएफ जोडायचं एक फुकट सॉफ्टवेअर मीच उतरवून घेतलं होतं. त्याच्यासोबत ॲडवेअर आलं. ते ब्राउझरचं शोधयंत्र बदलतं, आपल्याला भलत्या पानांवर नेतं आणि त्या जाहिरातींचे पैसे दुसराच कुणी कमावतो.

त्या मुलीनेच मला सोबत घेऊन ते काढलं. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये तारीख पाहून अनोळखी प्रोग्रॅम काढले. मग क्रोममधली अनोळखी एक्स्टेन्शन्स काढली, नोटिफिकेशनच्या परवानग्या बंद केल्या, सेटिंग्ज मूळ स्थितीत आणल्या. त्यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. शेवटी 'ॲडक्लीनर'ने तपासणी केली आणि पासवर्ड बदलले, कारण तिथे बायकांच्या तक्रारी असतात.

लेनोवोच्या काही नव्या लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' हे ॲडवेअर विक्रीआधीच घातलेलं होतं, हे २०१५ साली उघड झालं. ते विकत घेणाऱ्यांनी काय 'बघितलं' होतं?

मी त्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली. आता आमच्याकडे संगणक बिघडला की आधी प्रोग्रॅमची यादी उघडतो. बाईची चौकशी करत नाही.