अमली पदार्थांचा खटला आणि आरोपीचा वकील



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत पिढ्यानुपिढ्या व्याकरण शिकविले. कर्ता कोण आणि कर्म कोणते, हे ठरविल्याशिवाय वाक्य पुढे जाऊ देत नसत. मी ज्या क्षेत्रात वकिली करतो तेथेही सारा वाद अखेर कर्ता कोण, यावरच येऊन ठेपतो. अमली पदार्थांचे खटले हा विषय शाळेच्या व्यासपीठावर काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु बार्देशच्या किनाऱ्यावरील गावांत ज्यांची मुले मोठी होत आहेत, त्यांना तसे वाटू नये.

‘असल्या माणसांचे वकीलपत्र तुम्ही घेता तरी कसे?’ हा प्रश्न मला लग्नसमारंभात, देवळाच्या सभामंडपात, अगदी घरीही विचारला जातो. विचारणाऱ्यांचा राग मी समजू शकतो. या विषाने उद्ध्वस्त झालेली घरे मी त्यांच्याइतकीच जवळून पाहिली आहेत, आणि ते विकणाऱ्याला शिक्षा व्हावी याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. पकडलेला माणूस विकणाराच आहे, हे ठरविले कोणी?

1985 साली संसदेने गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा अधिनियम केला. त्यालाच आपण एनडीपीएस कायदा म्हणतो. 2001 च्या दुरुस्तीनंतर त्यातील शिक्षा मालाच्या वजनावर ठरू लागली. चरस 100 ग्रॅमहून कमी असेल तर ती ‘अल्प मात्रा’, एक किलोहून अधिक असेल तर ‘व्यापारी मात्रा’. गांजासाठी हेच आकडे एक किलो व 20 किलो असे आहेत. व्यापारी मात्रेला किमान 10 व कमाल 20 वर्षे सक्तमजुरी आणि वर लाख ते दोन लाख रुपये दंड. दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षा देण्याची न्यायाधीशाला मुभा नाही, मग त्याला आरोपीची कितीही कणव येवो.

त्याहून कठीण आहे ते कलम 37. सामान्य गुन्ह्यात खटला संपेपर्यंत जामिनाची आशा असते. येथे आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. पुरावा नोंदविला जाण्यापूर्वीच निर्दोषत्वाची चाहूल दाखवायची! शिवाय कलम 35 व 54 अन्वये काही बाबी आरोपीच्या विरुद्ध गृहीत धरल्या जातात. जेथे कायदा इतका कठोर, तेथे बचावाचा वकील ही चैन राहत नाही.

एक प्रकरण सांगतो; ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आमच्याकडचा एक तरुण पायलट. गोव्याबाहेरून आलेल्या श्रोत्यांसाठी सांगतो, पायलट म्हणजे भाड्याने मोटरसायकलवर माणसे नेणारा. एका गिऱ्हाइकाने त्याला थैली दिली आणि अमुक ठिकाणी पोचव म्हणून भाडे आगाऊ दिले. वाटेत तपासणी झाली. थैलीत किलोहून अधिक चरस निघाला. गिऱ्हाईक कधीच सापडले नाही.

झडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घ्यावी असे सांगण्याचा हक्क कलम 50 देते. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने विजयसिंह जडेजा खटल्यात या कलमाचे काटेकोर पालन आवश्यक ठरविले. पण हा हक्क अंगझडतीपुरता. हातातल्या थैलीला तो लागू नाही. म्हणजे आमच्या पायलटला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. आमच्यापाशी दोनच गोष्टी होत्या. थैलीत काय आहे हे त्याला ठाऊक होते काय, हा एक प्रश्न. दुसरा मुद्देमालाचा. पंचनाम्यातले वजन, कोठारातील नोंदीतले वजन आणि प्रयोगशाळेत पोचलेल्या नमुन्याचे वर्णन यांचा मेळ बसत नव्हता. कलम 52-अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढावयाचे असतात, हे 2016 साली मोहनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे. येथे तसे झाले नव्हते.

या मुद्द्यांना लोक ‘तांत्रिक पळवाटा’ म्हणतात. हा शब्द मला मान्य नाही. जप्त केलेली पुडी आणि तपासलेली पुडी एकच आहे काय, हा प्रश्न तांत्रिक कसा? त्याच्या उत्तरावर एका माणसाची दहा वर्षे अवलंबून असतात. अमृतसरच्या विमानतळावर 1997 साली नूर आगा या अफगाण नागरिकाला द्राक्षांच्या खोक्यातून हेरॉइन आणल्याच्या आरोपावरून पकडले. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. विरुद्ध गृहीतके घटनाबाह्य नाहीत, परंतु मूळ तथ्ये सरकार पक्षाने आधी सिद्ध केली पाहिजेत, असे त्या निकालात म्हटले आहे. पकडल्यापासून या निकालापर्यंत अकरा वर्षे लोटली होती.

आमचा पायलट चार वर्षांनी सुटला. ही चार वर्षे तो आतच होता. मोटरसायकल जप्तीत गंजली, ठरलेले लग्न मोडले. त्याच्या आईने पहिल्या आठवड्यातच सोने गहाण ठेवून एका मध्यस्थाला पैसे दिले होते. ‘वरपर्यंत ओळख आहे’ म्हणणारा तो गृहस्थ पुन्हा दिसला नाही. वकिलाकडे ती आली तेव्हा हातात काही उरले नव्हते.

हेच टळावे म्हणून पालकांना चार गोष्टी सांगतो. अटकेची कारणे जाणून घेण्याचा व पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 22 ने दिला आहे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे. वाचल्याशिवाय, समजल्याशिवाय सही करू नये. अधिकाऱ्यासमोर दिलेला कलम 67 खालील जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही, असे 2020 साली तोफान सिंग खटल्यात ठरले; तरीही सही केलेला कागद निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती व जप्तीचे चित्रीकरण करण्याची तरतूद आहे, ते चित्रीकरण वकिलाला मागता येते.

आणि पैसे नसतील तर? विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 अन्वये कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. परदेशी माणसालाही मिळतो. हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, ते ‘फुकटचा वकील काय कामाचा’ म्हणून मध्यस्थाचे घर गाठतात. विधी सेवेतील काही वकील कामात कुचराई करतात हे खरे. पण त्याच यादीत मी असे तरुण वकील पाहिले आहेत की कोलवाळच्या कारागृहात दर आठवड्याला जातात आणि आरोपीची भाषा येत नसेल तर दुभाषा मिळेपर्यंत न्यायालयाला स्वस्थ बसू देत नाहीत.

जिल्हा न्यायालयाच्या प्रत्येक इमारतीत या प्राधिकरणाचे कार्यालय असते. अर्ज साधा आहे, शुल्क नाही, आणि आरोपीच्या वतीने नातेवाईकालाही तो देता येतो. शाळेच्या सूचनाफलकावर त्या कार्यालयाचा पत्ता लावावा, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे व त्यांनी ती मान्य केली आहे.