आधी घर, मग सही

(महिलांच्या शिबिरात 'उतारवय आणि घर' या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'उतारवयात लहान घरात जाताना'. यावर हल्ली पुष्कळ सल्ले ऐकू येतात. सामान कमी करा, माळा रिकामा करा, मोह सोडा. सल्ला वाईट नाही. पण मोठे घर सुटते तेव्हा एकाच वेळी तीन कामे चालू असतात. सामानाची आवराआवर होते, कागदांवर सह्या होतात आणि पैशाची वाटणी होते. पहिले काम सगळे बाईवर सोपवलेले असते. दुसऱ्याच्या वेळी तिला 'इथे सही कर' म्हणून हाक मारतात. आणि तिसऱ्याच्या वेळी ती आत चहा करत असते. आज मला मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाबद्दल बोलायचे आहे.

तरी पहिल्याबद्दल थोडे सांगते. तीन वर्षांपूर्वी मी चार खोल्यांच्या घरातून वन-रूम-किचनमध्ये राहायला गेले. खरे सांगायचे तर मला सुख लागले. चार खोल्या म्हणजे चार खोल्यांचा केर, फरशी, जळमटे, दिवाळीची झाडलोट आणि आल्यागेल्याची अंथरुणे. नवरा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला, माझी निवृत्ती कोणी ठरवलीच नव्हती. तेव्हा 'मला लहान घर हवे' असे एखादी बाई म्हणाली तर तो तिचा हट्ट समजू नका. कामातून मोकळे होण्याची ती मागणी आहे.

भांडी काढायला बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. माझ्याकडच्या पातेल्यांवर, ताटांवर, डब्यांवर सासऱ्यांचे नाव होते, नवऱ्याचे होते, मुलाच्या मुंजीची तारीख होती. चाळीस वर्षे मी घासलेल्या त्या भांड्यांत एकावरही माझे नाव नव्हते. मोडीत घालताना दुकानदाराने वजन केले, नावे वाचली नाहीत. घराच्या कागदाचे मात्र तसे नसते. तिथे सगळा व्यवहार नावावरच चालतो.

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांच्या हकिगती थोड्याफार फरकाने सारख्या असतात. एक उदाहरण देते. नवरा गेल्यावर वर्षाच्या आत मुलांनी ठरवले की एवढे मोठे घर आईला झेपणार नाही. गिऱ्हाईक आले. त्याआधी 'कागद सोपे व्हावेत' म्हणून आईची आणि बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. घर विकले, दोघा भावांनी आपापले फ्लॅट घेतले. आईसाठी लहान फ्लॅट 'नंतर बघू' असे ठरले होते. तो नंतर कधी आला नाही. आता ती सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे असते. तिचे सगळे सामान एका बॅगेत मावते. ती म्हणाली, "बाई, मला घर लहान करायचं होतं, मीच लहान झाले."

त्या बाईचा हक्क किती होता? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टाच्या घरात विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असल्यास ती, या सर्वांना सारखा हिस्सा मिळतो. म्हणजे या घरात आई, दोन मुलगे आणि एक मुलगी असे चार हिस्से होते. एक चतुर्थांश घर तिचे होते. तो हिस्सा विधवेला फक्त जगण्यापुरता मिळत नाही. त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ती त्याची पूर्ण मालक असते. मुलींना राहत्या घराची वाटणी मागण्यावर पूर्वी बंधन होते, ते २००५ च्या दुरुस्तीने गेले. धर्माप्रमाणे वाटे बदलतात. मुस्लिम विधवेला मुले असताना आठवा हिस्सा मिळतो, ख्रिस्ती विधवेला मुले असताना एक तृतीयांश.

नवरा हयात असताना काय? गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी असते आणि बायकोच्या संमतीवाचून घर विकता येत नाही. महाराष्ट्रात नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असलेले घर तो बायकोला न विचारता विकू शकतो. घरात छळ होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायालय विक्रीला मनाई करू शकते. पण छळ नसलेल्या, चांगल्या चाललेल्या संसारातही बाईला विचारले जावे, अशी आपली मागणी असली पाहिजे.

आता कागदांविषयी. तीन कागदांतला फरक प्रत्येकीला पाठ हवा. हक्कसोडपत्र नोंदवले की आपला हिस्सा गेला, मग तो मागता येत नाही. बक्षीसपत्र केले की घर त्याच दिवशी दुसऱ्याचे झाले. मृत्युपत्र मात्र आपल्या मागे अमलात येते आणि हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. त्याला दोन साक्षीदार लागतात. मुलांना द्यायचेच असेल तर मृत्युपत्राने द्या. आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावले म्हणजे मालकी दिली, असेही समजू नका. नॉमिनीकडे सोसायटीचा व्यवहार येतो, मालकी वारसांची असते.

बक्षीसपत्र होऊन गेले असेल तरी वाट पूर्ण बंद नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता आणि मग न सांभाळणे, असे घडले तर न्यायाधिकरण ते बक्षीस रद्द ठरवू शकते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे करायचा. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी अट होती हे दाखवावे लागेल. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचे बक्षीसपत्र रद्द करताना हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे म्हटले. तेव्हा न्यायालयाच्या उदारपणावर सगळे सोडू नका. 'मला हयातभर सांभाळण्याच्या अटीवर' हे शब्द कागदात लिहून घ्या. मुलगा म्हणेल, आई, माझ्यावर विश्वास नाही का? त्याला सांगा, विश्वास आहे म्हणून तर देते आहे, आणि विश्वास आहे तर लिहायला अडचण कसली?

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. याच २००७ च्या कायद्याचा उपयोग सुनेला घराबाहेर काढायला झालेला आहे. मुलाचे आणि सुनेचे बिनसले की म्हाताऱ्या आईवडिलांकडून अर्ज करवायचा. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सुनेचा राहण्याचा हक्क असा परस्पर बुडवता येणार नाही. आपल्या केंद्रात सासूही येते आणि सूनही येते. दोघींपैकी एकीला छप्पर मिळावे म्हणून दुसरी रस्त्यावर, हा तोडगा आपला नव्हे. दोघींच्या नावावर काहीच नसते म्हणून त्या एका खोलीसाठी भांडतात.

लहान घर घेताना ते बाईच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात २०२१ पासून खरेदीखतात केवळ स्त्री खरेदीदार असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्यामुळे हल्ली पुष्कळ घरे बायकांच्या नावाने होऊ लागली, ही आनंदाची गोष्ट. पण एक टक्का वाचवण्यापुरते नाव आणि मूळ कागद नवऱ्याच्या कपाटात, असे होता कामा नये. करारनामा, सूची क्रमांक दोनचा उतारा, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती, वीजबिल या सगळ्यांवर आपले नाव आहे का, हे स्वतः वाचून पाहा. जुन्या घराचा आपल्या वाट्याचा पैसा आपल्या खात्यात चेकनेच घ्या.

आणि जागा आपण निवडा. मुले गावाबाहेरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये स्वस्त फ्लॅट पाहतात. तिथे हवा छान असते, पण दवाखाना नसतो, भाजीवाली नसते, भजनाच्या किंवा भिशीच्या मैत्रिणी नसतात. तळमजला किंवा लिफ्ट, चालत जाण्याजोगे औषधाचे दुकान आणि दार वाजवता येईल अशी एक ओळखीची बाई. लहान घरात एवढे असले तर भिंती जवळ आल्यासारख्या वाटत नाहीत.

शेवटी आपल्या गटांसाठी काम सांगते. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घराचा उतारा आणावा. मालमत्ता पत्रक असो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ असो, नाहीतर सोसायटीचे सर्टिफिकेट. त्यावर कोणाचे नाव आहे ते मोठ्याने वाचावे. गटात एखादी घर विकणार असेल तर सहीच्या दिवशी दोघींनी तिच्याबरोबर निबंधक कार्यालयात जावे आणि कागद वाचून झाल्याशिवाय तिच्या हातात पेन देऊ नये. नव्या घराचा करार तिच्या नावाने नोंदवला गेला की मगच जुन्या घरावर सही, हा नियम आपण सर्वांनी धरला तर पुढच्या वर्षी आपल्या केंद्रात बॅग घेऊन येणाऱ्या बायका कमी असतील.